टाके काढल्यानंतर

प्रिय दादा,

आपण समोरासमोर बसलो की पहिलं वाक्य तू ओरडून बोलतोस, दुसरं मी, आणि तिसऱ्याला दोघांपैकी एक जण खुर्ची मागे सारून उठतं. कागदाचं त्या मानाने बरं असतं. त्याला मधेच तोडता येत नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू चष्मा कपाळावर सरकवशील, "हिला आता काय हवंय?" असं पुटपुटशील आणि तरीही शेवटपर्यंत वाचशील, हे मला ठाऊक आहे. हवंय काहीतरी, हे खरंच. पण ते सावकाश सांगते.

आधी आईची खबर. गुडघे कुरकुरतात, त्याहून जास्त ती कुरकुरते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. कानाने कमी ऐकू येतं, पण जे ऐकू नये ते बरोबर ऐकू येतं. तू रविवारी सकाळी तिला भेटून जातोस आणि मी नेमकी तेव्हाच लॅबमध्ये असते. परवा ती म्हणाली, "एकमेकांना चुकवायचं वेळापत्रक दोघांनी मिळून बनवलंयत का? तेवढ्यापुरतं तरी बोलता म्हणायचं!" मी हसण्यावारी नेलं. तिने नेऊ दिलं नाही. दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

तू तिला आणून दिलेली फुलदाणी गच्चीकडच्या खिडकीत ठेवली आहे. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "मोठ्याने आणली." मग माझ्याकडे बघते.

लहानपणी तू माझ्या कापडी बाहुलीचं पोट फाडून त्यातला कापूस काढला होतास आणि आईच्या सुईने पुन्हा शिवून दिलं होतंस, आठवतं? टाके सुबक होते, मान्य. मी मात्र घर डोक्यावर घेतलं होतं, ते बाहुली फाडली म्हणून नव्हे. तू अंगणातून मातीचे हात घेऊन तसाच आला होतास म्हणून. तू तेव्हापासून मला भिंगरी म्हणायला लागलास, एकाच गोष्टीभोवती गरगर फिरते म्हणून. पुढे मी जंतूंची डॉक्टर झाले तेव्हा म्हणालास, "भिंगरीला शेवटी भिंग मिळालं." हा विनोद तू माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनाही ऐकवलास. ते अजून सांगत असतात.

तू रुग्णालय उभं केलंस तेव्हा पहिला निरोप मलाच होता. "तळमजल्यावर जिन्याशेजारची खोली तुझी. लॅब तू सांभाळ, कापाकापी मी सांभाळतो, भूल तुझी वहिनी देईल. बाहेरचं कोणी लागायचंच नाही." त्या खोलीत पहिल्या वर्षी खिडकीही धड लागत नव्हती. जंतू वाढवायचा इन्क्युबेटर आला तेव्हा तो दारातून आत जाईना, मग तू स्वतः अंगातला कोट काढून चौकट उचकटलीस. किती चांगले दिवस होते ते. दुपारी वहिनी डबा घेऊन खाली यायची, आपण तिघं माझ्या टेबलावर जेवायचो, आणि तू दर वेळी म्हणायचास, "इथे आधी काय ठेवलं होतंस, ते सांगू नकोस."

हे सगळं उगाळतेय, कारण त्यानंतरचं आपण कधी नीट बोललोच नाही. तू तुझ्या बाजूने बोललास, मी माझ्या. घडलं ते सरळ ओळीने कोणीच मांडलं नाही. आज मी मांडते.

शिंपीणबाई तुझ्याकडे पित्ताचे खडे काढून गेल्या होत्या. दुर्बिणीचं ऑपरेशन, चार बारीक छेद, तिसऱ्या दिवशी घरी. टाके निघाले तेव्हा जखम आरशासारखी स्वच्छ होती. महिना उलटल्यावर बेंबीपाशी गाठ आली, मग ती फुटून पाणी वाहायला लागलं. बाहेरच्या डॉक्टरने औषधं दिली, गाठ बसेना. त्या परत आल्या तेव्हा तू थिएटरमध्ये होतास, म्हणून नमुना घ्यायला त्यांना माझ्याकडे पाठवलं. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "बाई, दिवसभर मशीनवर वाकून बसते. सगळे कपडे ओले होतात. गिऱ्हाइकाला वास येईल म्हणून दार उघडं ठेवते." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, लाज होती. ज्या माणसाचा काही दोष नाही त्याने लाजावं, हे मला त्या दिवसापासून सहनच झालं नाही.

नमुन्यात काही उगवलं नाही. आपल्याकडे दोन दिवस वाट बघून जंतू उगवायची प्लेट फेकून देतात आणि "वाढ नाही" असा शेरा मारतात. सगळीकडे असंच करतात. पण नेमकं त्याच आठवड्यात शिडीने मला गाठलं. शिडी म्हणजे माझी वर्गमैत्रीण, ती उंच, जी फोटोत कधी पुरी मावायची नाही. ती पलीकडच्या मोठ्या रुग्णालयाची लॅब बघते, आपल्या सख्ख्या स्पर्धकाची. चहाला बोलावून हळूच म्हणाली, "रागावू नकोस, पण तुमच्याकडे ऑपरेशन झालेले दोघं आमच्याकडे आलेत. बेंबीपाशी जखम, बरी होत नाही. एकाला तर कोणीतरी टीबीच्या गोळ्या चालू केल्यात. तिकडेच परत का गेला नाहीत, असं विचारलं तर म्हणतात, ज्या दारात ठेच लागली तिथे पुन्हा कोण जाईल?"

दादा, सगळी गोम त्या एका वाक्यात होती. रुग्ण बरा झाला म्हणून परत येत नाही, असं आपण समजत होतो. तो चिडला म्हणूनही येत नाही. आणि तो दुसरीकडे गेला की त्याची जखम आपल्या हिशेबातून पुसली जाते. दुसऱ्या रुग्णालयाला वाटतं, ही आपली नव्हे. असा तो कोणाचाच राहत नाही.

मी शिंपीणबाईंचा नमुना पुन्हा घेतला आणि प्लेट फेकली नाही. आठवडा संपता संपता तिच्यावर बारीक, कोरडे, पांढुरके ठिपके दिसायला लागले. रंग देऊन काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर गुलाबी काड्या. क्षयाच्या जंतूचा हा चुलतभाऊ, साध्या नळाच्या पाण्यात सुखाने राहणारा. नेहमीच्या औषधांना भीक घालत नाही, टीबीच्या गोळ्यांनाही नाही. शिडीकडच्या दोघांच्या नमुन्यांतही तोच निघाला.

मी तुझ्याकडे आले तेव्हा तू दोन ऑपरेशनांच्या मधे उभ्याउभ्या बिस्किट खात होतास. ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "लोक बेंबी धूत नाहीत, भिंगरी. त्याचं खापर माझ्या थिएटरवर फोडू नकोस. मी कालपासून ऑपरेशन करायला लागलेलो नाही." मी वाद घातला नाही. मोठ्या सिस्टरांना विचारून थिएटरमध्ये गेले आणि हत्यारांच्या मागे मागे फिरले, एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत. दुर्बिणीच्या हत्यारांचे संच मोजकेच होते आणि तुझा हात झपाट्याचा. म्हणून दोन ऑपरेशनांच्या मधे ती वाफेच्या यंत्रात जात नव्हती, जंतुनाशक द्रावात बुडवली जात होती आणि मग बाहेर काढून पाण्याने विसळली जात होती. हत्यारं सुटी करून आतून घासायला वेळ नव्हता. विसळायचं पाणी उकळलेलं होतं खरं, पण ते ज्या ट्रेमध्ये ओतत होते तो ट्रे नळाखाली धुतलेला. ट्रेच्या तळाशी बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. तिथला नमुना लावला आणि पुन्हा आठवडाभर वाट पाहिली. तेच ठिपके.

यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता, हे मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणते. सिस्टरांना जसं शिकवलं तसं त्या करत होत्या, आणि तुला जसं शिकवलं तसं तू. जंतू मात्र आपल्या शिक्षणाची वाट बघत थांबला नाही.

हे तू लगेच मानलंस. तुझा हा गुण मी नाकारत नाही. पाण्याचा अहवाल बघून तुझा चेहरा उतरला, मग म्हणालास, "आजपासून सगळं वाफेत. नवे संच येईपर्यंत ऑपरेशनं अर्ध्यावर आणू." मी मनात म्हटलं, हा माझा भाऊ. आणि पुढच्याच श्वासात म्हणालास, "पण ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये."

तिथून आपलं बिनसलं. मी म्हटलं, गेल्या काही महिन्यांत ज्यांची ऑपरेशनं झाली त्या सगळ्यांना बोलावून तपासू. तू म्हणालास, "घरोघर जाऊन सांगू का, की माझ्याकडे येऊन पस्तावलात? आले तर बघू." मी म्हटलं, "ते येणार नाहीत, दादा. टीबीच्या गोळ्या खात बसतील." तू विचारलंस, "तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस?" मी म्हटलं, "बाजू कसली? मी जंतूंची डॉक्टर आहे. तो जिथे आहे तिथे मला जायलाच हवं." मग तू ते म्हणालास, की तुझ्या नावावर उभ्या असलेल्या रुग्णालयात बसून मी तुझंच नाव घालवतेय. वहिनी दारात उभी होती. तिने तुझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती तुला दिसली नाही, मला दिसली.

त्याच दिवशी मी शिंपीणबाईंच्या दुकानात गेले आणि जे होतं ते सांगितलं: जंतू आमच्याकडूनच आला, औषध आहे, पण कित्येक महिने घ्यावं लागेल. त्या थोडा वेळ कापडावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी अस्वच्छ नव्हते ना?" दुसऱ्या दिवशी तुला ते कळलं आणि तू मला निघून जायला सांगितलंस. मी गेले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाकडे तक्रार करणार? पण एक सांगू? मला त्या दिवशी रडू आलं नाही. इन्क्युबेटर मागे ठेवून जाताना तेवढं आलं.

पुढचं तुला उडत उडत माहीत असेल. मी आणि शिडीने ठरवलं, गावातल्या खाजगी रुग्णालयांना एका टेबलाभोवती बसवायचं. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाची घरी गेल्यावरही विचारपूस करायची, दुसऱ्याकडचा बिघडलेला रुग्ण आपल्याकडे आला तर तो लपवायचा नाही, आणि सगळ्यांचे आकडे एकत्र मांडायचे. नाव कोणाचंच नाही, फक्त क्रमांक; ज्याला बैठकीला यायचं नसेल त्याने आकडे नुसते शिडीकडे पाठवले तरी चालतील. कोणता क्रमांक कोणाचा, हे एकट्या शिडीला माहीत, आणि तिच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर काढायला तुझ्यासारखा सर्जनच लागेल.

पहिल्या बैठकीला मालकमंडळी अशी बसली होती, जणू मोडलेल्या सोयरिकीतल्या दोन्हीकडच्या आत्याबाई. कोणी कोणाच्या डोळ्यात बघेना. एक जाडजूड सर्जन म्हणाले, "आमच्याकडे संसर्ग होतच नाही." शिडी म्हणाली, "छान! मग तुमच्या रुग्णांना घरी जाऊन विचारलंत?" ते म्हणाले, "विचारायचं कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, "डॉक्टर, मूठ तुमची झाकलेली आहे. जखम रुग्णाची उघडी आहे." कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि जाडजूड सर्जनही. त्या हसण्यावर आमचं काम सुरू झालं. तेच सर्जन आज आमचे सगळ्यात पक्के सभासद आहेत. त्यांच्या नवजात कक्षातल्या सिंकच्या नळीत जंतू सापडला, तो त्यांनी स्वतः येऊन सगळ्यांना सांगितला, आणि त्यामुळे आणखी दोन ठिकाणची सिंक वेळेत बदलली गेली. आता कोणाकडे नवं काही उगवलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं. हे चाललंय, दादा, आणि चांगलं चाललंय. मी आयुष्यात केलेलं हे सगळ्यात उपयोगाचं काम आहे, आणि ते मी बढाई म्हणून सांगत नाही.

पहिल्या वर्षीचे आकडे पडद्यावर लावले तेव्हा एक क्रमांक बाकीच्यांच्या कितीतरी वर गेला होता. खोलीत कुजबूज झाली. "कोण हा खाटीक?" असंही कोणीतरी म्हणालं. मला राहवलं नाही. मी उठून सांगितलं, "खाटीक नव्हे. या यादीत हा एकटाच खऱ्या अर्थाने शोधतोय. शोधणाऱ्यालाच सापडतं. बाकीच्यांनी पुढच्या वर्षी एवढे शोधून दाखवा." तेव्हा तो क्रमांक कोणाचा, हे मला खरोखर माहीत नव्हतं.

काही दिवसांनी माझ्या नव्या लॅबचे पांढरे कोट शिवायला टाकायचे होते म्हणून शिंपीणबाईंकडे गेले. जखम पूर्ण भरली होती. दार आता हवेसाठी उघडं होतं, वासासाठी नाही. माप घेता घेता त्या सहज म्हणाल्या, "तुमचे भाऊ येऊन जातात ना मधूनमधून." मी विचारलं, कोण? म्हणाल्या, "डॉक्टर. तुम्ही येऊन सांगितलंत, त्यानंतर पंधरवड्याने आले. इथे स्टुलावर बसले. म्हणाले, चूक आमच्याकडची आहे, औषधाचं सगळं मी बघतो. माझ्याच नाही, त्या वेळच्या सगळ्यांच्या घरी गेले म्हणे. त्यांच्या बाईसाहेबही बरोबर होत्या." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी टेपचं एक टोक हातात धरून तशीच उभी राहिले. मला घालवून दिल्यावर तू तेच केलंस जे मी सांगत होते, आणि मला वगळून केलंस. लोकांच्या पायऱ्या चढलास, शिव्या खाल्ल्यास, एका शब्दाने मला कळवलं नाहीस. आणि तो सगळ्यात उंच क्रमांक कोणाचा, ते मला तिथे स्टुलाजवळ उभ्याउभ्या समजलं. शिडीला मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. घरी येऊन आईला म्हटलं, "मोठा आला तर त्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस." ती म्हणाली, "आज हे काय नवीन?" त्या रविवारी तुला आणखी मोठ्या मायेने वाढलं असेल, तर त्याचं कारण हे.

तेव्हाच यायला हवं होतं, असं तू म्हणशील. येणार होते. दोनदा तुझ्या रुग्णालयाच्या कोपऱ्यापर्यंत येऊन गाडी वळवली. काय म्हणायचं तेच सुचेना. "तू चांगला आहेस" असं भावाला तोंडावर सांगायची आपल्या घरात रीत नाही. त्यापेक्षा भांडण सोपं.

आता येते मुद्द्यावर. गेले काही महिने जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखतं, पाठीपर्यंत कळ जाते. सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे आहेत, एक चांगला बोराएवढा. काढायलाच हवं. शिडी म्हणाली, आमच्याकडे ये, उद्याच करू. जाडजूड सर्जनांनीही खोली देऊ केली. दादा, या गावातल्या प्रत्येक रुग्णालयात टाके काढल्यानंतर काय होतं, ते माझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. आणि गेल्या दोन वर्षांत ज्या क्रमांकाचा आकडा सगळ्यात वरून उतरून सगळ्यात खाली आला, त्याच टेबलावर मला झोपायचं आहे. भूल वहिनीने द्यावी, हत्यारं मोठ्या सिस्टरांनी मांडावीत, आणि हात तुझा असावा. घरच्या माणसावर हात चालवायचा नाही, हा तुझा नियम मला माहीत आहे. तो या एका वेळेपुरता बाजूला ठेव. पुढच्या आठवड्यात कोणताही दिवस चालेल. आईला काल सांगितलं. ती घाबरली नाही, तिने एवढंच विचारलं, "ऑपरेशन करणार कोण?" मी तुझं नाव सांगून मोकळी झालेय. आता तिच्यासमोर मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
भिंगरी